पलीकडे जाणें

आमच्या घरापुढें रस्ता आहे आणि रस्त्यापलीकडे अक्कांचें घर आहे. हा रस्ता आम्हीं गेल्या उन्हाळ्यांत एकदां पहांटे फितीनें मोजला, तो बरोबर ५० फूट भरला. त्यांत दोहों बाजूंच्या पायवाटा धरलेल्या नाहींत. त्या पायीं चालणारांच्या आहेत अशी आमची समजूत आहे. मात्र सध्यां अलीकडील पायवाटेवर एक रसवंती व पलीकडील पायवाटेवर मोटारसायकली दुरुस्त करणाराचें दुकान नांदत असल्यामुळें ती समजूत आम्ही कोणास बोलून दाखवीत नाहीं. ५० फूट म्हणजे कांहीं फार मोठें अंतर नव्हे. ज्या वर्गांत आम्ही गेलीं तीस वर्षें इंग्रजी काव्य शिकवीत आलों, त्याची लांबी याहून फारशी कमी नसेल, आणि शेवटच्या बांकावरील विद्यार्थ्याची झोंप मोडण्यासाठीं ती आम्ही दिवसांतून अनेक वेळां चालून जातों. परंतु आमची आई गेल्या चार वर्षांत या ५० फुटांपलीकडे गेलेली नव्हती.

आई आतां एक्याऐंशी वर्षांची आहे. अक्का तिच्याहून दोन वर्षांनीं वडील, म्हणून त्या अक्का. एरव्हीं आमचें व त्यांचें कांहीं नातें नाहीं. दोघीही एकाच वर्षीं, १९६२ सालीं, नवऱ्या मुली म्हणून जिंतुरांत आल्या. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हां दोनच वर्षें झालीं होतीं, आणि जुन्या माणसांच्या तोंडीं अद्यापि हैदराबादच्या अमदानीतले शब्द होते. निजाम सरकारच्या रेल्वेनें १९३२ सालीं २७ मोटारी घेऊन उतारूंची वाहतूक सुरू केली होती. आमचे आजोबा एस. टी.च्या लाल गाडीलासुद्धां शेवटपर्यंत 'निजामाची मोटार'च म्हणत. ती येण्याची वेळ झाली म्हणजे रस्त्यावर रवंथ करीत बसलेल्या शेळ्या कोणी तरी उठवी. वाहतुकीच्या नियमनाची एवढीच काय ती व्यवस्था होती, व ती पुरत असे.

आई सांगते कीं, त्या काळीं रस्ता ओलांडणें असें कांहीं निराळें कामच नव्हतें. रस्ता म्हणजे दोन घरांमधलें एक मोठें अंगण. विरजण असो, लोणचें असो, एखाद्या सणाचें पुरण असो, वाटी पदराखालीं झांकून आई पलीकडे जाई, आणि तीच वाटी दुसरें कांहीं तरी घेऊन परत येई. रिकामी वाटी परत करावयाची नाहीं असा दोघींचा नियम होता. उन्हाळ्यांत कुरडयांची बाज एका वर्षीं आमच्या दारांत पडे, तर दुसऱ्या वर्षीं त्यांच्या. आमचा जन्म झाला त्या रात्रीं ऊन पाण्याचा हंडा अक्कांनीं याच रस्त्यावरून कमरेवर घेऊन आणला होता, आणि ही गोष्ट त्यांनीं आम्हांस आमच्या मुंजींत, लग्नांत व आम्ही प्राध्यापक झालों तेव्हां, अशी तीन वेळां जाहीरपणें ऐकविली आहे.

हा रस्ता वाईट होता तोंवर चांगला होता. त्यांत खड्डे होते, खडी उखडलेली होती, पावसाळ्यांत घोट्याएवढा चिखल होई; त्यामुळें त्यावरून जाणारा प्रत्येक जण, मग तो बैलगाडींत असो कीं मोटारींत असो, माणसाच्या चालीनें जाई. पुढें डांबर आलें, मग रुंदी आली, मग गुळगुळीतपणा आला. गांवास जेव्हां जेव्हां ही सुधारणा मिळाली तेव्हां तेव्हां आम्हींही इतरांबरोबर पेढे खाल्ले, हें येथें कबूल केलें पाहिजे. जिंतुरास रेल्वे नाहीं. परभणी, जालना, हिंगोली, कोठेंही जावयाचें तरी रस्त्यावांचून गति नाहीं. आमच्या वडिलांना शेवटच्या दुखण्यांत आम्हीं परभणीस नेलें तें जुन्या रस्त्यानें. त्या वाटेवरचा एक एक खड्डा आम्हांस अजून पाठ आहे. तेव्हां डांबराविरुद्ध आमच्या तोंडून शब्द निघणार नाहीं.

परंतु त्याच डांबरावरून आतां पहांटे दुधाच्या गाड्या जातात, सकाळीं शाळेच्या, दिवसभर एस. टी. व काळ्यापिवळ्या जीपा; हंगामांत दोन दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर; आणि रात्रीं पुण्यामुंबईकडे निघालेल्या, आंत उतारू निजलेले आहेत व बाहेर हलवायाच्या दुकानासारखी रोषणाई आहे अशा खाजगी गाड्या. शिवाय वाळू व खडी वाहणारे ते अजस्र दहाचाकी टिप्पर, ज्यांस आमच्याकडे 'हायवा' म्हणतात, त्यांना तर वेळकाळ असा नाहींच.

चार वर्षांपूर्वीं संक्रांतीच्या सुमारास आई नेहमीप्रमाणें वाटी घेऊन निघाली. ती रस्त्याच्या मध्यावर पोहोंचली असतां एका बाजूनें हायवा आला व दुसऱ्या बाजूनें, त्याच्या आडून, एक मोटारसायकल आली. दोन्हीं वाहनें तिच्या अंगावरून वारा घालून निघून गेलीं. तिला कांहीं लागलें नाहीं. कोणी पडलें नाहीं, कोणी ओरडलें नाहीं, पोलिसांत वर्दी देण्यासारखें कांहींही घडलें नाहीं. हातांतली वाटी मात्र खालीं पडली, आणि तिळगूळ डांबरावर सांडला. अक्का आपल्या पायरीवर उभ्या राहून हें पाहत होत्या. त्यांनीं तिकडून हातानें 'परत जा' अशी खूण केली, आणि आई परत आली. वाटीला पोंचा आला होता. ती तिनें घासून फळीवर पालथी घालून ठेवली. त्यानंतर ती पलीकडे गेली नाहीं.

आतां त्या दूरध्वनीवर बोलतात. दुपारीं चारच्या सुमारास दोघी आपापल्या पायरीवर येऊन बसतात, दोघींच्या कानाला नातवंडांनीं दिलेले मोबाइल असतात, आणि एकमेकींस नीट दिसत असतांना त्या एकमेकींशीं कुठल्या तरी दूरच्या मनोऱ्यामार्फत बोलतात. मधून जड गाडी गेली कीं दोघीही गप्प होतात. गाडी गेल्यावर 'काय म्हणालीस?' हा प्रश्न दोन्ही बाजूंनीं एकदमच निघतो. आमच्या विद्यार्थ्यांना हें दृश्य फार मौजेचें वाटतें. आम्हांसही पहिले कांहीं दिवस वाटलें.

आमचा स्वभाव असा कीं, मनाला कांहीं लागलें म्हणजे आम्ही पुस्तक शोधतों. तसें आम्हीं शोधलें. रस्ते कसे असावेत, त्यांवर दिवे कोठें बसवावेत, पट्टे कोठें ओढावेत, याविषयीं आपल्या देशांत शास्त्र नाहीं असें ज्यांस वाटतें त्यांचा तो भ्रम आहे. शास्त्र आहे, आणि त्याच्या मुळाशीं एक मराठी माणूस आहे. १९२७ सालीं हिंदुस्थान सरकारनें रस्त्यांविषयीं विचार करण्यासाठीं एक समिति नेमली, तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. पुढें पुणें विद्यापीठाचे पहिले कुलगुरु झाले तेच. त्यांच्या समितीच्या सूचनांतून रस्त्यांसाठीं निराळा निधि निघाला, आणि १९३४ च्या डिसेंबरांत इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था स्थापन झाली. रस्त्याच्या वळणापासून दिव्याच्या खांबापर्यंत प्रत्येक गोष्टीचें माप ही संस्था ठरवून देते. जयकरांची कीर्ति आम्ही आजवर कायदा, राजकारण व विद्या यांच्याच संबंधांत ऐकत आलों होतों. आपल्या आईच्या पायरीपुढील पन्नास फुटांशीं त्यांचा असा संबंध निघेल ही कल्पना नव्हती.

या संस्थेच्या हिशेबीं पायीं चालणारा माणूस सेकंदाला १.२ मीटर, म्हणजे सुमारें ४ फूट चालतो. ५० फुटांना त्याला साडेबारा सेकंद पुरे. आम्हीं घड्याळ घेतलें व आईला ओसरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालावयास सांगितलें. ओसरी १२ फूट आहे.

"काय मोजायलास रे?" आई म्हणाली.

"कांहीं नाहीं. तूं चाल."

"डॉक्टरनं सांगितलंय का?"

आम्हीं हो म्हटलें. शास्त्रासाठीं थोडें असत्य बोलावें लागतें. तिला १२ फुटांना ८ सेकंद लागले. म्हणजे सेकंदाला दीड फूट. ५० फुटांना ३३ सेकंद. आतां ताशीं ६० किलोमीटर वेगानें येणारें वाहन ३३ सेकंदांत ५५० मीटर अंतर तोडतें. याचा अर्थ असा कीं, आईला निर्धास्तपणें पलीकडे जावयाचें असेल तर तिनें पायरी सोडण्याच्या क्षणीं दोन्ही दिशांना अर्ध्या किलोमीटरहून अधिक रस्ता मोकळा असला पाहिजे. आमच्या पायरीवरून डावीकडे दोनशें मीटरांवर वळण आहे. गणित तेथेंच संपलें.

आतां दिव्यांचें कोष्टक. संस्थेच्या १९८५ च्या नियमांत रस्त्यावर दिवा बसविण्यास कोणकोणतीं कारणें पुरेशीं समजावींत हें सांगितलें आहे. त्यांपैकीं पायीं चालणारांविषयींचें कारण असें: मुख्य रस्त्यावरून तासास ६०० वा अधिक वाहनें जात असावींत, आणि तासास १५० वा अधिक माणसें तो रस्ता पायीं ओलांडीत असावींत, आणि हें दिवसाचे आठ तास चाललें पाहिजे. एका रविवारीं आम्ही दारांत खुर्ची टाकून मोजावयास बसलों. ('आम्ही' या शब्दावरून वाचकांनीं पुष्कळ मंडळी होती असें समजूं नये, खुर्ची एकच होती.) वाहनांच्या बाबतींत आमचा रस्ता सहज उत्तीर्ण झाला. माणसें मात्र एका तासांतही साठांच्या वर जाईनात. शाळेचीं मुलें, रसवंतीचीं गिऱ्हाइकें, नेमगिरीच्या लेण्यांची वाट विचारणारे कांहीं यात्रेकरू, एक दूधवाला. आणि पायरीवर आई बसली होती व पलीकडच्या पायरीवर अक्का बसल्या होत्या.

दुपारीं तिसऱ्या तासाला आमच्या लक्षांत आलें कीं, आपल्या वहींत या दोघींसाठीं रकानाच नाहीं. जो रस्ता ओलांडतो तो मोजला जातो. ज्यानें भिऊन ओलांडणें सोडलें तो मोजला जात नाहीं. रस्ता जसजसा अधिक भयंकर होईल तसतशीं ओलांडणारीं माणसें कमी होतील. आणि ज्या दिवशीं कोणीच ओलांडण्याचें धाडस करणार नाहीं, त्या दिवशीं त्या कोष्टकाप्रमाणें तेथें कोणत्याही उपायाची गरज उरणार नाहीं. ज्यांनीं हे आंकडे बसविले ते विद्वान् लोक आहेत, त्यांना हें कळत नसेल असें नाहीं. याच संस्थेनें २०१२ सालीं पादचाऱ्यांविषयीं ज्या निराळ्या सूचना काढल्या त्यांत वृद्धांचा व अपंगांचा विचार पुष्कळ आस्थेनें केलेला आम्हांस आढळला. परंतु आस्था ही सूचनांत राहते, आणि खर्चाचा कागद पुढें सरकतो तो कोष्टकावर.

मग आम्ही कचेऱ्यांत गेलों. किती व कोणत्या, हें सांगण्यांत हंशील नाहीं. सर्व ठिकाणीं आमचे माजी विद्यार्थी निघाले, व सर्व ठिकाणीं आम्हांस चहा मिळाला. पहिल्या ठिकाणीं कळलें कीं, दिव्याचा खांब उभा करणें शक्य आहे, पण रस्ता त्यांचा नाहीं. दुसऱ्या ठिकाणीं कळलें कीं, रस्ता त्यांचा आहे, पण वाहनें थांबविणें त्यांचें काम नाहीं. तिसऱ्या ठिकाणीं वाहनें थांबविणारे भेटले. त्यांचें म्हणणें, खांब असेल तर माणूस देऊं. आम्हांस प्रथम राग आला. नंतर कायदा उघडून पाहिला तेव्हां असें दिसलें कीं, त्यांपैकीं कोणीच खोटें बोलला नव्हता. महाराष्ट्रांतील नगरपरिषदांचा कायदा १९६५ चा आहे. त्यानें रस्त्यावर दिवाबत्ती करणें व रस्त्यांतील अडथळे दूर करणें हीं कामें नगरपरिषदांकडे दिलीं आहेत. वाहतुकीचें नियमन १९५१ च्या पोलीस कायद्यानें पोलिसांकडे आहे. राष्ट्रीय महामार्ग गांवाच्या पोटांतून गेला तरी तो दिल्लीचा. मोठ्या शहरांत महापालिका खांब उभारते व दिवा कोणाला किती द्यावयाचा हें पोलीस पाहतात; तेथें हा संसार कसा तरी चालतो. लहान गांवांत तिघांनाही आपापलें घर सांभाळतांना पुरेवाट होते. आमच्या आईच्या पायरीपासून अक्कांच्या पायरीपर्यंत जावयाचें तर कायद्याच्या दृष्टीनें तीन राज्यें ओलांडावीं लागतात, आणि प्रत्येकाच्या सरहद्दीवर चहा पाजतात.

दिव्याचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. रस्त्यावरचा पहिला दिवा मोटारींसाठीं जन्मास आला नाहीं, कारण तेव्हां मोटारच जन्मास आली नव्हती. १८६८ च्या १० डिसेंबरास लंडनांत पार्लमेंटच्या इमारतीपुढें तो उभा राहिला. जॉन पीक नाइट या रेल्वेच्या अधिकाऱ्यानें तो योजिला होता, म्हणून त्याचें रूपही रेल्वेच्या हातासारखें: दिवसा लांकडी हात वरखालीं व्हावयाचे, रात्रीं गॅसचा तांबडा व हिरवा प्रकाश. घोडागाड्यांच्या गर्दींतून पार्लमेंटच्या सभासदांना व इतर पायीं जाणारांना पलीकडे जातां यावें हा त्यांतील मुख्य हेतु. महिन्याच्या आंतच गॅसची गळती होऊन त्याचा स्फोट झाला व तो चालविणारा पोलीस जखमी झाला. मग पुष्कळ वर्षें कोणी त्याचें नांव काढलें नाहीं. १९१४ सालीं अमेरिकेंत क्लीव्हलंड येथें विजेचा दिवा आला तेव्हां मोटारी आल्या होत्या, आणि दिव्याची निष्ठा बदलली होती. चौकांत मोटारींचे तंटे मिटविणें हें त्याचें काम झालें. पायीं चालणारासाठीं निराळा हिरवा माणूस त्यांत मागाहून घातला, तोही बहुधा घाईंत असतो.

या हिरव्या माणसाची मुंबईंत एकदां बाई झाली होती. २०२० च्या ऑगस्टांत दादर-माहीम भागांतील पादचाऱ्यांच्या दिव्यांत महापालिकेनें पुरुषाच्या आकृतीऐवजीं स्त्रीची आकृति बसविली. आम्हीं वर्तमानपत्रांतील चित्र आईला दाखविलें. तिनें चष्मा लावून तें बराच वेळ पाहिलें. "झगा घातलाय," ती म्हणाली. "लुगडं नेसून अशी टांग टाकता येत नाही." आम्हांस वाटतें, या सुधारणेवर जें कांहीं पुष्कळ लिहिलें गेलें त्यांत इतकी नेमकी टीका दुसरी नसेल.

आमची मुलगी पुण्यास असते. तेथें तिच्याबरोबर रस्ता ओलांडण्याचा प्रसंग आला म्हणजे ती आमचें मनगट धरते, जसें आम्ही लहानपणीं तिचें धरीत होतों, आणि दिव्यावरील आंकडे उलटे मोजत आम्हांस ओढून नेते. एकदां मध्येंच आम्ही तिला म्हणालों, कायद्याप्रमाणें येथें आपला हक्क पहिला. ती म्हणाली, "बाबा, तो कायदा पलीकडे गेल्यावर सांगा." कायदा मात्र खरोखरच तसा आहे. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत, जेथें पोलीस वा दिवा नाहीं अशा पट्ट्यांवर पादचाऱ्याचा हक्क पहिला असें स्पष्ट म्हटलें होतें. त्यांच्या जागीं २०१७ सालीं नवे नियम आले, त्यांतही अशा ठिकाणीं वाहन चालविणारानें वेग कमी करावा, थांबावें व पायीं जाणारास आणि चाकांच्या खुर्चींतून जाणारास वाट द्यावी असें सांगितलें आहे. तें वाक्य वाचतांना आम्हांस एखाद्या सुंदर प्रार्थनेसारखें वाटलें. १८९६ च्या १७ ऑगस्टास लंडनांत ब्रिजेट ड्रिस्कॉल नांवाची बाई मोटारीखालीं सांपडून मरण पावली. इंग्लंडांत मोटारीनें पायीं चालणाराचा घेतलेला तो पहिला बळी. असें पुन्हां कधीं घडूं नये, अशी आशा मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानें प्रकट केली असें सांगतात. आपल्या देशांत २०२२ या एका वर्षांत रस्त्यावर १,६८,४९१ माणसें मेलीं, आणि त्यांत ३२,८२५ पायीं चालणारीं होतीं. म्हणजे रोजचीं नव्वद. हे आंकडे सरकारनेंच प्रसिद्ध केले आहेत. ज्या बायकांची वाटी पडली त्यांचा आंकडा कोठेंही नाहीं.

येथपर्यंत वाचून वाचकांना असें वाटलें असेल कीं, आम्ही पायीं चालणाराच्या पक्षाचे आहोंत. तसें असतें तर बरें झालें असतें. गेल्या वर्षीं आम्ही परीक्षेच्या कामासाठीं सकाळीं स्वतः मोटार हांकीत परभणीस निघालों होतों. उशीर झाला होता. वाटेंतल्या एका खेड्यापाशीं एक म्हातारी डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. आम्ही जवळ येतांच तिनें एक पाऊल पुढें टाकलें आणि हात वर केला. सरळ पंजा, बोटें मिटलेलीं. आपल्याकडे पायीं चालणाराजवळ असलेला हाच काय तो दिवा. त्याला वीज लागत नाहीं व उद्‌घाटन लागत नाहीं. तो पाहून एस. टी.चा ड्रायव्हर थांबतो, ट्रॅक्टरवालाही क्वचित् थांबतो. आम्हीं भोंगा वाजविला. आमचा पाय दुसऱ्या पट्टीवर जाण्याच्या आधीं हात भोंग्यावर गेला, आणि आम्ही तिच्यापुढून निघून गेलों. पुढें गेल्यावर आरशांत पाहिलें. ती दोन पावलें मागें सरून पुन्हां कडेला उभी राहिली होती. पेंढी तिच्या डोळ्यांवर आली होती, ती ती सारखी करीत होती. परीक्षेचें काम आम्हीं त्या दिवशीं अगदीं वेळेवर सुरू केलें. ही गोष्ट आम्हीं आईला सांगितलेली नाहीं.

खेड्यापाड्यांत या रोगावर एकच औषध लोकांस ठाऊक आहे, तें म्हणजे गतिरोधक. कोणी तरी दगावतो, लोक चिडतात, आणि रात्रींतून रस्त्यावर एक वरवंटा आडवा पडतो. शास्त्राप्रमाणें तो ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच, पाठीचा बांक सावकाश चढणारा असावा, म्हणजे वाहन ताशीं २५ किलोमीटरांनीं त्यावरून सुखानें जाईल. आमच्याकडचे गतिरोधक शास्त्रानें नव्हे, रागानें बांधलेले असतात. त्यांवरून गाडी गेली कीं आंतल्या बाळंतिणीचा जीव घाबरा होतो. त्यांचीही बाजू आम्ही घेऊं शकत नाहीं. शिवाय राष्ट्रीय महामार्गांवर ते नसावेत असें २०१६ सालीं केंद्र सरकारनें ठरविलें आहे. तेव्हां तोही मार्ग आमच्यापुरता बंद झाला.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एके सकाळीं आम्ही वर्तमानपत्र वाचीत बसलों असतां कांहीं तरी चुकल्यासारखें वाटूं लागलें. घरांत पाहुणे येऊन गेल्यावर वाटतें तसें. थोड्या वेळानें ध्यानांत आलें कीं, आवाज नाहीं. बाहेर येऊन पाहिलें तों रस्ता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रिकामा. सोयाबीनच्या भावासाठीं शेतकऱ्यांनीं गांवाबाहेर रास्ता रोको केला होता. दोन्हीं तोंडें बंद. वळणापलीकडे गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या म्हणतात. इकडे मात्र डांबरावर ऊन पडलें होतें आणि दोन शेळ्या मध्यभागीं येऊन बसल्या होत्या. त्या कोठून आल्या कोण जाणे. आमच्या गल्लींत शेळ्या पाळणें बंद होऊन वीस वर्षें झालीं.

आई दारांत येऊन उभी राहिली. तिनें डावीकडे पाहिलें, उजवीकडे पाहिलें. मग आंत गेली. फळीवर भांडीं वाजलीं. बाहेर आली तेव्हां तिच्या हातीं तीच पोंचा आलेली वाटी होती व तींत आदल्या दिवशींची शेंगदाण्याची चटणी होती. आम्हीं हात पुढें केला. तो तिनें बाजूला सारला.

ती पायरी उतरली. रसवंतीवाल्यानें आपलें टेबल थोडें ओढून तिला वाट दिली. तिच्या चालीकडे पाहतां पाहतां आमचा डोळा संवयीनें घड्याळाकडे गेला. मध्यावर पोहोंचल्यावर ती थांबली. पुढें कांहीं येत नव्हतें, मागें कांहीं येत नव्हतें. ती उगीचच थांबली, नदींत पाय धुतांना माणूस थांबतो तशी. मग पुढें गेली. पलीकडे अक्का काठी टेंकीत दोन पायऱ्या उतरून आल्या होत्या. त्यांनीं वाटी हातांत घेतली, तिचा पोंचा अंगठ्यानें चांचपून पाहिला, आणि दोघी आंत गेल्या. सारे मिळून ४१ सेकंद झाले. नियमांतल्या माणसाच्या तिप्पट.

दुपारीं दीडच्या सुमारास अधिकारी आले, त्यांनीं निवेदन स्वीकारलें, मंडळी उठली. आमच्या मनांत त्या सोयाबीनवाल्यांविषयीं पूर्ण सहानुभूति होती व आहे, परंतु त्यांनीं आणखी चार तास नेट धरला असता तर बरें झालें असतें असें आम्हांस खरोखर वाटलें. तुंबलेल्या गाड्या एकदम सुटल्या. अशी वर्दळ त्या रस्त्यानें पूर्वीं पाहिली नसेल. संध्याकाळीं आम्ही कसेबसे पलीकडे गेलों, तों दोघी खाटेवर पाय वर घेऊन बसल्या होत्या, आणि मोबाइल कोनाड्यांत पडले होते. आईनें आमच्याकडे न पाहतांच सांगितलें कीं, ती आज येथेंच राहणार. अक्कांच्या सूनबाईंनीं तिचें अंथरूण आधींच घातलें होतें.

दुसरे दिवशीं पहांटे पांच वाजतां, दुधाच्या गाड्या सुरू होण्यापूर्वीं, आम्ही तिला आणावयास गेलों. अंधार होता. रस्ता मोकळा होता तरी आम्हीं तिचें मनगट धरलें होतें, आणि या वेळीं तिनें तें सोडविलें नाहीं. वाटींत अक्कांनीं भाजाणी भरून दिली होती. आपल्या पायरीवर आल्यावर तिनें वळून पाहिलें. पलीकडे अक्कांच्या दारांतला दिवा लागलेला होता.

"पुन्हा कधी आहे रे तें?" तिनें विचारलें.

"काय?"

"कालचं. रास्ता रोको."

आम्हीं सांगितलें कीं, तें आधीं कळत नाहीं. कधीं कधीं वर्तमानपत्रांत येतें.

"मग पेपर जरा नीट वाचत जा," ती म्हणाली, आणि भाजाणीचा डबा शोधावयास आंत गेली.